आक्काचे दात आणि आग्नेय किनारा

छोटू साठीच्या घरात आला होता, डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते, तरी सगळे त्याला छोटूच म्हणत. कारण त्याची थोरली बहीण, आक्का, त्याला छोटू म्हणायची आणि तिचा आवाज मोठा होता. धंद्याने तो कवळ्या बनवायचा. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, खाली जिन्याच्या कडेला याची खोली. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेत, प्लास्टरमध्ये ओतून खाली पाठवत, आणि छोटू मेणात एकेक दात रोवत बसे. खोलीत जिकडे तिकडे जबडे. फळीवर जबडे, खिडकीत जबडे, चहाच्या किटलीशेजारी जबडे. नवीन माणूस दारातच थबकायचा. छोटू म्हणायचा, या बसा, यांच्यातला एकही उलट बोलत नाही.

माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची त्याला सवयच नव्हती. रस्त्यात कोणी नमस्कार केला की हा आधी त्याच्या तोंडात बघणार, मग "अच्छा, तुम्ही होय," असं त्याच्या डावीकडच्या दाढेला म्हणणार. त्याची बायको अजून सांगते, की पहिल्या भेटीत या गृहस्थाने मला एकच प्रश्न विचारला, तुम्ही उजवीकडून चावता का. ती हो म्हणाली. पुढे संसार झाला.

धंद्यात मात्र त्याचा एक नियम होता आणि त्यावर तो अडून बसायचा. कवळी तयार झाली की गिऱ्हाइकाला खाली बोलवायचं, स्टुलावर बसवायचं आणि हातात सफरचंदाची फोड द्यायची. आरसा नंतर. आधी फोड खायची, सालीसकट, आणि छोटूने समोर बसून बघायचं. कवळी कुठे हलते, कुठे बोचते, माणूस कोणती बाजू टाळतो, हे सगळं त्या एका फोडीत कळतं, असं त्याचं म्हणणं. एकदा एक वकील घाईत होते, कोर्टाची वेळ झाली होती, फोड खिशात टाकून निघाले. छोटूने उठून दाराला कडी घातली. वकिलांनी फोड खाल्ली.

आता आक्काबद्दल. आईवडील गेले तेव्हा छोटू शाळेत होता आणि आक्का नुकती विशी ओलांडलेली. तिने मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि धाकट्याला वाढवलं, शिकवलं, धंद्याला लावलं. लग्नाचं राहून गेलं, असं लोक म्हणतात. राहून कसलं जातंय, तिने राहू दिलं. त्या स्वयंपाकघरात तिने जन्म घालवला. शेकडो पोरी जेवल्या की भांड्याच्या तळाशी उरेल ते, निवलेलं, उभ्याउभ्या खायचं, हे तिचं जेवण.

वसतिगृहात दरवर्षी चार-दोन पोरी देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या असायच्या. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे त्या हिला लवकर चिकटायच्या. ताटावर बसल्या की घरच्या आठवणीने डोळ्यांत पाणी. म्हणायच्या, अक्का, तुमचं सांबार छान आहे, पण ते सांबार नाही. दुसरी कोणी असती तर पळी फेकून मारली असती. आक्का पळी घेऊन शेजारी बसायची आणि विचारायची, मग कसं असतं ते सांग. असं ऐकून ऐकून तिला त्या किनाऱ्यावरची गल्लीन्‌गल्ली पाठ झाली होती. कुठल्या देवळाबाहेर कुठला वडा, कुठल्या कोळीवाड्यात मिरं घालून खेकडा, कॉफी कुठे उंचावरून ओततात, सगळं.

नोकरी संपली तेव्हा छोटूने विचारलं, आता काय करणार.

"मला तिकडे जायचंय," आक्का म्हणाली. "घाईगर्दीत नाही. एकेका गावात चार दिवस. सकाळी देऊळ, संध्याकाळी समुद्र, मधे खायचं. आणि वाढणारं दुसरं कोणीतरी पाहिजे."

छोटूने उभ्या आयुष्यात आक्काला काही मागताना ऐकलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, की जग इकडचं तिकडे झालं तरी ही सहल करायची. अडचण एकच. आक्काच्या तोंडात दात नव्हते. ते पडून बरेच दिवस झाले होते आणि ती हिरड्यांवरच भागवत होती. "दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत," असं ती स्वतःच म्हणून मोकळी व्हायची. भाऊ कवळ्या करणारा आणि बहीण बोळकी, हे बघून लोक हसायचे.

आधी दात, मग सहल, असं ठरलं. डॉक्टरांनी माप घेतलं, छोटूने बाकीची कामं बाजूला सारली, आणि कपाटातून एक फोटो काढून समोर टेकवून ठेवला. वसतिगृहाच्या गच्चीवर काढलेला, तरण्या आक्काचा. कशालातरी खदखदून हसते आहे आणि वरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला आहे. छोटूने त्या फोटोबरहुकूम दात लावले. चढलेला दात चढवून लावला. रुंदी तीच, पुढे आलेपण तेच.

मेणातलं काम बघायला डॉक्टर खाली आले. त्यांनी जबडा हातात धरून फिरवला.

"छोटू, हे फार पुढे आलेत. आक्कांचं हाड झिजून मागे गेलंय. चावताना कवळी उचलणार."

"तुम्ही माप घ्या," छोटू म्हणाला, "दातांचं मी बघतो."

"दाखवायचे दात करतोयस तू, खायचे नाही," असं म्हणून डॉक्टर वर गेले. इतक्या वर्षांत छोटू त्यांना असं कधी बोलला नव्हता, म्हणून ते जिन्यात एकदा थांबलेही.

कवळी झाली. आक्का स्टुलावर बसली, कवळी लावली आणि हसली. छोटूच्या समोर एकदम गच्चीवरची आक्का. तो ढसाढसा रडला. आक्काने त्याच्या टकलावरून हात फिरवला, म्हणाली, पुरे रे. मग दोघांनी चहा घेतला. सफरचंदाची फोड बशीत तशीच राहिली, काळी पडली, आणि झाडताना छोटूच्या बायकोने ती टाकून दिली.

त्यानंतर दर रविवारी छोटूच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरू लागला. उत्तरेकडून सुरू करून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं. देवळं आणि बाकी बघायच्या जागा बायकोकडे होत्या. समुद्राला टेकलेलं दगडी देऊळ, एका खडकातून कोरलेले रथ, फ्रेंचांच्या वेळच्या पिवळ्या भिंतींची गल्ली, आणि पुढे गोपुरांची मोठमोठी गावं. ती एकेक वाचून दाखवायची, छोटू बोटाने अंतर मोजायचा. खाणं आक्काकडे. पहिल्या रविवारी ती अशी बोलली, की छोटूच्या बायकोने मधेच उठून कुकर लावला.

दुसऱ्या रविवारी आक्का म्हणाली, "खेकडा राहू दे. फोडत कोण बसणार."

मग मासा गेला, काटे असतात म्हणून. वडा गेला, तेलकट म्हणून. देवळं मात्र वाढत चालली. आक्का कधीच देवळातली नव्हती, लांबून हात जोडणारी. ती आता म्हणायला लागली, की इथे एक दिवस जास्त राहू, मूर्ती चांगली आहे म्हणतात. आणि दर रविवारी ती जेवून यायची. पान वाढलं तरी "पोट भरलंय गं" म्हणून पाणी पिऊन बसायची.

"अहो, वन्सं आपल्याकडे जेवेनाशाच झाल्यात," बायको छोटूला म्हणाली. "माझ्या हाताला काय झालं?"

"तूच काहीतरी बोलली असशील."

"मी काय बोलणार? मला बोलायला देतं कोण?"

त्यावरून दोघांचं वाजलं. छोटूला मनातून खात्री झाली, की आक्काला आपल्या बायकोबरोबर प्रवास नको आहे. बायकोला खात्री झाली, की वन्संना छोटूबरोबर नको आहे, आणि त्यात तिला नवल वाटलं नाही.

शेवटी एका रविवारी आक्काने नकाशाची घडी घातली. "तुम्ही दोघंच जाऊन या. माझं काय, मी ऐकलंय सगळं."

छोटूने दाताच्या कण्या केल्या. रागावला, रुसला, गाडीतल्या जागा आरक्षित करायची मुदत जवळ आली म्हणून घाबरवलं. आक्का हलली नाही. ती हसली फक्त, तोंडावर हात धरून. सहल म्हटली तर तिचीच. तिच्याशिवाय जायचं म्हणजे नवरी घरी ठेवून वरात काढायची. मुदत आली आणि गेली.

मग एका दुपारी छोटूचं डोकं फिरलं. हातातलं मेण तसंच टाकून तो आक्काच्या खोलीवर गेला, आज काय ते विचारायचंच म्हणून. वाऱ्यासाठी दार उघडं होतं. आक्का दाराकडे पाठ करून बसली होती आणि दुधात कुस्करलेला पाव चमच्याने खात होती. खिडकीत, पाण्याच्या पेल्यात, कवळी. स्वच्छ, लखलखीत. घासून धुऊन जपून ठेवलेली.

पायरव ऐकून आक्काने चटकन पेला ओढला, कवळी लावली आणि मग वळली. हसली. अगदी फोटोतलं हसली.

छोटू खाली बसला. पावाचा कडेचा कडक तुकडा मोडला आणि तिच्यापुढे धरला. "खा."

"आत्ता जेवले रे."

"खा आक्का."

तिने चावलं. कवळी मागून सुटली आणि खाली आली. आक्काने अंगठ्याने ती वर ढकलली, इतक्या सहज, की ही सवय आजची नव्हती हे आंधळ्यालाही कळलं असतं. छोटूने तिला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांना दोन जागी लाल जखमा होत्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासूनच."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू रडलास ना," आक्का म्हणाली. "आई गेली तेव्हाही तू असा रडला नव्हतास. म्हटलं, एवढं मनापासून केलंय पोराने, आता नाव कसं ठेवू. दिसायला छानच आहेत. घरी खाताना काढून ठेवते, काही अडत नाही. पण तिकडे चारचौघांत काढून कशी ठेवू? आणि न खाता तुमच्यामागे हिंडायचं म्हणजे पुन्हा तेच. लोकांनी जेवायचं, मी बघायचं."

छोटूला शरम वाटली. एवढी शरम त्याला कधीच वाटली नव्हती. त्याला फोटोतली आक्का परत हवी होती. ती मिळाली, आणि समोर बसलेल्या आक्काने काय खायचं, हे विचारायचं तो विसरला. वकिलासाठी कडी घालणारा माणूस.

नवं माप घेताना डॉक्टर एक अक्षर बोलले नाहीत. हे त्यांचे उपकार. छोटूने फोटो कपाटात ठेवला आणि दात जिथे हाड होतं तिथे लावायला सुरुवात केली. आतल्या अंगाला, लहान, सरळ ओळीत. एकेक दात मागे सरकवताना त्याचा हात अडखळायचा, कारण दात मागे गेला की ओठ मागे जाणार, ओठ मागे गेला की गाल बसणार, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. त्याने एकदा चढलेला दात लावून पाहिला. मग उपटून काढला.

आक्का पुन्हा स्टुलावर येऊन बसली. छोटूने तिला आरसा दिला नाही, फोड दिली. तिने ती उजवीकडे घेतली, डावीकडे घेतली, सालीसकट चावून खाल्ली आणि हात पुढे केला. त्याने दुसरी दिली. सफरचंद संपलं. कवळी जागची हलली नव्हती.

"आता खेकडासुद्धा खाशील," छोटू म्हणाला. "यंदाचं तर हुकलंच आपलं. पुढच्या वर्षी जाऊ, निवांत."

आक्काने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं. "कशी दिसते मी?"

छोटूने तोंडातून नजर काढली आणि बऱ्याच वर्षांनी बहिणीचा चेहरा पाहिला. ओठ आत गेलेले, हनुवटी पुढे आलेली, गालांवर सुरकुत्यांचं जाळं. खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण एकदा खोटे दात करून त्याचं काय झालं, ते तो बघून बसला होता.

"म्हातारी दिसतेस," तो म्हणाला.

"मग पुढचं वर्ष कुणाच्या भरवशावर ठरवतोस?" आक्का म्हणाली, आणि स्टुलावरून उठून चपला घालायला लागली.