गाय कधी भरवली, ते फोनमध्ये होतं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, निमगाव केतकीजवळच्या एका वस्तीवर जनावरांच्या नोंदी ठेवणारं आमचं ॲप उघडलं तेव्हा गायींची यादी कोरी आली. गोठ्यात एक गाभण गाय सारखी उठबस करत होती. ती कधी भरवली, म्हणजे गाभण कधी राहिली, एवढंच गुरांच्या डॉक्टरांना हवं होतं. दिवस उलटले असतील तर कळा आणणारं इंजेक्शन द्यायचं. भरले नसतील तर त्याच इंजेक्शनाने वासरू जाणार.

गायीचे मालक तात्या सांगत होते, दिवाळीनंतर. त्यांची सून ठामपणे सांगत होती, दसऱ्याच्या आधी. पूर्वी अशी तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहीत. ॲप आल्यावर भिंतीला रंग दिला होता.

तात्यांनी बारामतीला मला फोन केला.

"ॲप काढून परत टाकतो. परवा व्हॉट्सॲप तसंच नीट झालं."

"तात्या, काढू नका. काढलं की आतलं सगळं जातं. फोनला हात लावू नका."

गोठ्यात रेंज मिळत नाही, म्हणून प्रत्येक गायीची माहिती आम्ही फोनमध्येच साठवत होतो. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, रंग, भरवल्याची तारीख, सगळं एका गठ्ठ्यात. दुसरीकडे प्रत नव्हती. रविवारी पाठवलेल्या आवृत्तीत तारखेचे दिवस, महिना, वर्ष असे वेगळे कप्पे केले होते. जुन्या गठ्ठ्यातली सलग तारीख नव्या ॲपला वाचता येईना. गठ्ठा जागेवरच होता.

जुनी मांडणीही वाचता येईल अशी दुरुस्ती केली आणि तात्यांना फोन लावला. बंद. मोटारसायकल काढली. भवानीनगरला थांबून लावला, बंद. साखर कारखान्याच्या पुढे पुन्हा, बंद. कुणीतरी ॲप काढून टाकलं असेल, किंवा फोन दुकानात नेला असेल. लासुर्ण्याला थांबलो आणि न लावताच निघालो.

वस्तीवर डॉक्टर गोठ्याच्या दारात पेटी उघडून उभे होते. फोन कुठंय, असं मी विचारलं. सुनेने तो धान्याच्या कोठीतून काढला.

"हात लावू नका म्हणलात न्हवं? पोरं उचलत्यात, म्हणून बंदच करून ठिवला."

"मलाबी दिला न्हाय," तात्या म्हणाले.

फोन लॅपटॉपला जोडला आणि दुरुस्त आवृत्ती आधीच्या ॲपवरच चढवली. यादी आली. गायीची तारीख दिवाळीनंतरची होती. डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. दिवस भरायला अवकाश होता. त्यांनी गायीचं पोट तपासलं, गॅस धरल्याचं सांगितलं आणि त्याचं औषध पाजलं. सून तात्यांकडे न बघता बादली घेऊन आत गेली.

इंजेक्शन पेटीत परत गेलं. मी निघालो तेव्हा गाय उभी होती आणि व्याली नव्हती.