हिमालयास पुनर्भेट

हिमालयासमोर उभं राहिलं की माणसाचा अहंकार गळून पडतो. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकवणारे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेल्या डिसेंबरपर्यंत ते धुळ्याच्या पुढे उत्तरेला कधी गेले नव्हते.

अण्णा माढ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. सातवीला हिमालयाचा धडा होता. "बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस," असं ते दोन्ही हात पसरून सांगायचे. त्या वर्गात मी तिसऱ्या बाकावर होतो. एकदा पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, "सर, तुमी सोता बघितलाय का बर्फ?"

अण्णा जरा थांबले आणि म्हणाले, "बघितलाय की."

घरी येऊन मी आईला विचारलं. आई म्हणाली, "गारीगार बघितलं असंल. तू गप बस." मी गप्प बसलो. पुढे आई वारली, तरी गप्पच होतो.

मागच्या वर्षी अण्णांचे गुडघे कुरकुरायला लागले. एका संध्याकाळी गच्चीत आम्ही दोघंच असताना ते म्हणाले, "एकदा बर्फ बघायचा राहिलाय रे. पाय चालतायत तवर जमव." कबुलीच्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. मी हिमाचलातलं एक राष्ट्रीय उद्यान ठरवलं. विमान नको, गाडीनंच जायचं. विमानातून भूगोल समजत नाही, असं त्यांचं मत पडलं.

चूक माझी. मी ही गोष्ट एका माणसाला सांगितली. आमच्याकडे माणूस गावाला निघाला की आधी त्याचा सत्कार होतो, परत येईल की नाही याची वाट बघत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं सोलापुरात हॉल घेतला. अध्यक्ष तोच, पहिल्या बाकावरचा. आता त्याचं ट्रॅक्टरचं दुकान आहे. शाल, श्रीफळ, फेटा झाला. मागे फ्लेक्स: 'आदरणीय सरांची हिमालयास पुनर्भेट'. खाली अण्णांचा फोटो आणि फोटोमागे स्वित्झर्लंड.

"पुनर्भेट?" मी अण्णांच्या कानाशी पुटपुटलो.

"आता छापलंय," अण्णा म्हणाले आणि नारळ सावरून बसले.

त्यानंतरचे साडेतीन दिवस मी गाडी चालवत होतो. डिकीत चार सोलापुरी चादरी होत्या, कडक भाकरीची चळत होती, शेंगाचटणीचा डबा होता. दर दोन तासांनी अण्णा गाडी थांबवून पाय मोकळे करायचे आणि भेटेल त्याला भाकरी द्यायचे. उरलेल्या वेळात मागच्या सीटवर माझ्या मुलीला पहिल्या भेटीची हकीकत सांगायचे.

"मागच्या वेळी किती बर्फ होता, आजोबा?"

"गुडघाभर. कुटं कुटं कमरेएवढा."

"कुणाबरोबर गेला होतात?"

"हुते शाळेतले दोघंतिघं."

मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बायको हळूच म्हणाली, "अहो, स्टिअरिंग इतकं आवळू नका." तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं. मध्य प्रदेश संपेपर्यंत त्या गोष्टीत एक घोडा आला होता आणि पंजाबात एक साधू.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही उद्यानाच्या फाटकाशी पोचलो. फाटक बंद होतं. शेकोटीपाशी बसलेला पहारेकरी न उठताच म्हणाला, "ऊपर बर्फ गिरी है। रास्ता बंद।"

अण्णा चादर लपेटून खाली उतरले. "अरे भाई, हम बर्फच देखनेकू आये हैं की! सोलापूर से!"

"तभी तो बंद है, बाबूजी।"

आत बर्फ आहे म्हणून बर्फ बघता येत नाही, हे मी पाऊण तास निरनिराळ्या शब्दांत ऐकून घेतलं. कधी उघडेल? दोन दिवस, चार दिवस, ऊपरवाला जाने. वर ढग असल्यामुळे हिमालयही दिसत नव्हता. बारीक पाऊस सुरू झाला. सोलापुरी चादर सुती असते. तिनं तो सगळा पिऊन घेतला आणि अण्णा कुडकुडायला लागले. बायको म्हणाली, "अण्णा, गाडीत बसा बघू आधी. बर्फ काय पळून जात नाही." मला सगळ्यांचाच राग आला होता: फाटकाचा, पावसाचा, फ्लेक्सचा, आणि सातवी 'अ'चा.

तेव्हा मुलीला चहाच्या टपरीमागे बर्फाचा ढीग दिसला. यंत्रानं रस्त्यावरून ढकललेला, काळपट, वर टायरचे वळ आणि बिस्किटाचे कागद. अण्णा हळूहळू तिथपर्यंत गेले. वाकता येईना, म्हणून मी त्यांना काखेत धरलं. त्यांनी मूठभर बर्फ उचलला. बराच वेळ ते तळहाताकडे बघत राहिले. हात लाल झाला तरी टाकेनात.

"मागच्या वेळी असाच होता का, आजोबा?" मुलीनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं नाही. निदान तेवढं तरी मी करायला हवं होतं.

"मागच्या वेळी पांढरा हुता," अण्णा म्हणाले.

परतीच्या वाटेवर साधू आणि घोडा पंजाबातच राहिले.

फेब्रुवारीत मंडळानं त्याच हॉलमध्ये अण्णांचं व्याख्यान ठेवलं. पंखे लागले होते. अण्णा ढिगाबद्दल बोलले, टायरच्या वळांसकट. कापसाचा उल्लेख आला नाही. लोक चुळबुळायला लागले, तेव्हा अध्यक्षानं माईक हातात घेतला. "सर, आता एकच सांगा. पहिली भेट भारी का दुसरी?"

अण्णा थांबले. तसेच, सातवीत थांबले होते तसे. मग म्हणाले, "पहिली भेट झालीच न्हवती. तू वर्गात इचारलंस, तवा मी खोटं बोललो. बर्फ मी परवा पहिल्यांदा बघितला."

हॉल गार झाला. मी उठणार, तोच माझ्या आधी अध्यक्ष उभा राहिला.

"बघा!" तो गहिवरून म्हणाला. "हिमालय बघितलेला माणूस कसा नम्र हुतो!"

टाळ्या थांबेनात. अण्णांनी दोनदा हात वर करून "अरे, खरंच" असं म्हटलं. त्यामुळे टाळ्या वाढल्या. मग स्मृतिचिन्ह दिलं. ते आमच्या घरातल्या शोकेसमध्ये आहे. त्यावर कोरलंय: 'दोन वेळा हिमालय दर्शन'.