वंशावळीतलं पहिलं लेकरू

दादांना, म्हणजे आमच्या वडलांना जाऊन महिना उलटला होता आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर अजून नांदत होतं. खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. पण तलाठी म्हणाला, वारसनोंद करून घ्या, मग त्यांच्या नावाला कंस पडंल आणि खाली तुमची नावं येतील. कंस! माणूस गेला की सरकार त्याच्या दोन्ही बाजूंना वाकड्या रेघा मारून मोकळं होतं. मला रडू आलं आणि रागही आला.

ते दिवस आठवतात तेच मुळी दुपारच्या झोपेतून अर्धवट जागं झाल्यासारखे. कुणी बोललं की लांबून ऐकू यायचं. समोरचा चहा निवून जायचा. त्या दिवशी तालुक्याला, भूमला जाताना एसटीच्या खिडकीतून काय काय दिसलं, काही सांगता येत नाही. नुसती पिवळी माती सरकत होती आणि आईचा हात माझ्या मांडीवर होता, तेवढं पक्कं आठवतं. धाकटा भाऊ पुढच्या सीटवर कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेला. शेती तो बघतो, म्हणून हेलपाटेही त्याच्याच नशिबी. हा तिसरा. पहिल्यांदा आधार कार्ड घरी राहिलं, दुसऱ्यांदा साहेब रजेवर.

तहसीलबाहेर लिंबाच्या सावलीत अर्जनवीस बसतात. आमच्यावाला उतारवयाचा, कानावर पेन. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. आधी वंशावळीचं शपथपत्र, म्हणजे मयताची बायको कोण, लेकरं किती, हे शपथेवर लिहून द्यायचं. मग तलाठी नोटीस लावणार. पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली न्हाय, की नोंद मंजूर. "सोपं हाय," तो म्हणाला. सोपं म्हणे!

"मावशी, लेकरं किती तुम्हाला?"

"दोन," भाऊ म्हणाला.

"तीन," आई म्हणाली.

उन्हानं तिला भोवळ आली की काय, असंच मला वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं. माझ्या आधी एक मुलगी झाली होती, हे चुलतीच्या तोंडून मी कधीतरी उडत उडत ऐकलं होतं. पाचवी पुजून झाली होती, बारशाला दोन दिवस उरले होते, आणि ती गेली. बारसं न झालेल्या लेकराचा विषय आमच्याकडं कुणी काढत नाही. आईनंही उभ्या जन्मात काढला नव्हता.

अर्जनवीसानं पेन खाली ठेवला. "मावशी, ते लेकरू वारसात येत न्हाय. लिहिलं तर मृत्यूचा दाखला मागतेत. तवाची नोंद असंल का कुठं?"

नोंद कुठली! घरात जन्मली, घरातच गेली.

"आई, कशाला उकरतीस आता?" भाऊ काकुळतीला आला. "फाईल परत अडकंल. नाव चढल्याबिगर पीकविमा भरता येत न्हाय मला." त्याचंही चुकत नव्हतं.

"अडकू दे," आई म्हणाली. "शपथ म्या घ्यायची हाय न्हवं? मग खोटी कशी घेऊ? तुझ्या बापाला पहिल्यांदा बाप तिनं केलं." आणि तिनं अंगठा पदरात गुंडाळून घेतला.

मी मास्तरीण. चार लोकांत भांडायला मागंपुढं बघत नाही. त्या दिवशी मात्र आधी आईकडं बघितलं. लिंबाच्या कवडशांत आई मला एकदम तरणी दिसायला लागली, रिकाम्या पाळण्यापाशी बसलेली. तेव्हा मी नव्हतेच कुठं.

"लिहा काका," मी म्हणाले. "दाखला मागू द्या, कोण मागतो ते बघून घेते मी."

"अक्का, तू तरी..."

"तू गप बस."

पुढं दाखला कुणी मागितलाच नाही. नोंदही वेळेत झाली. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? भाऊ तोंड फिरवून उभा राहिला.

अर्जनवीसानं एकचा आकडा घातला आणि मान वर केली. "मावशी, नाव काय लावू?"

बारसंच झालं नाही तर नाव कुठून आणायचं?

आईनं नाव सांगितलं. आठवायला म्हणून क्षणभरही थांबली नाही. ते मी इथं लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे. अर्जनवीसानं लिहिलं, पुढं 'मयत' लिहिलं. आईनं ते मोठ्यानं वाचायला लावलं, मग आणखी एकदा वाचायला लावलं.

भाऊ जवळ आला. "आई, हे नाव ठरलं होतं, तर आम्हाला कधी सांगितलं न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाय, बाळा," ती म्हणाली, आणि पदरातून अंगठा काढून शाईवर टेकवला.