आमचे हे पुढच्या फाट्यावर थांबलेत

मी शाळाशाळांतून विज्ञानाच्या पेट्या घेऊन फिरते. चुंबक, भिंगं, तारा... भुताखेतांवर विश्वास ठेवणं माझ्या धंद्याला शोभणारं नाही. अशा सदरांतले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचले. आज स्वतःच लिहायला बसलेय, यात मिरवण्यासारखं काही नाही.

राहते नाशिकला, गंगापूर रोडला. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही. मागे आमच्या भागात महिला-सुरक्षेचा कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ सगळं झालं. बायकांनी अंधार पडल्यावर एकटीने प्रवास करू नये, हे प्रमुख पाहुण्यांनी इतका वेळ समजावलं की कार्यक्रम संपेपर्यंत अंधार पडला आणि आम्ही सगळ्या एकेकट्या घरी गेलो.

माझी सुरक्षा साधी. एकट्या फिरणाऱ्या पुष्कळ बायका करतात तीच – प्रवासापुरतं गळ्यात खोटं मंगळसूत्र आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल असं एक वाक्य : "आमचे हे पुढच्या फाट्यावर थांबलेत." नाव ठेवायची वेळ कधी आली नाही, 'हे' पुरतं. सांगून सांगून वर्षानुवर्षांत ह्यांना ओझरच्या कारखान्यात नोकरी लागली, अंगकाठी भारदस्त झाली, स्वभाव तापट झाला.

त्या दिवशी वणीहून परतत होते. दुपार उतरलेली, एसटी चुकलेली, पाय दुखत होते. मिळाली ती शेअर जीप पकडली. दिंडोरीला बाकीचे उतरले. पुढे ड्रायव्हर आणि त्याचा दोस्त, मागे मी आणि माझी पेटी. थोड्या वेळाने गाडी डांबरी रस्ता सोडून पाटाच्या कडेच्या कच्च्या वाटेला वळली.

"इकडून कुठे?"

"शॉर्टकट हाय मॅडम. पुढं ट्रॅफिक लय."

दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, माणूस एक नाही. मोबाइलला रेंज नाही. गाडी थांबवा म्हटलं, थांबवली नाही. दोस्त मागे वळून हसला. "घाबरता कशाला? आम्ही हाय ना."

"आमचे हे पुढे थांबलेत." आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"हितं? हितं कुत्रं फिरकत नाय मॅडम. साहेब काय पाटातून पोहत येणार?"

दोघं हसले. आणि पुढच्या वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

तो डाव्या खिडकीबाहेर बघत होता. मीही बघितलं. पाटाचं पाणी, तारेचं कुंपण, ऊन. बाकी काही नाही.

"नाय साहेब," तो म्हणाला. "शॉर्टकट म्हणून... हो साहेब. फिरवतो मागं."

दोस्त घाईघाईने उतरून मागे आला. मी पेटी मध्ये ओढून धरली – पण तो लांबच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. पुढचं दार उघडंच राहिलं होतं. ते मिटलं. कोणी मिटलं, ते मी सांगू शकत नाही.

गाडी वळून डांबरी रस्त्याला लागली. पुढची सीट रिकामी. ड्रायव्हर मधूनमधून तिच्याकडे न बघता उत्तरं देत होता. "हो साहेब... ओझरला का? माझा मेव्हणा पण तिथंच हाय."

त्या दिवशी त्या जीपमध्ये मी ओझरचं नाव काढलं नव्हतं.

नाशिकला पहिल्या गर्दीच्या चौकात पेटी घेऊन उतरले. दोस्त माझ्याही आधी पळाला. ड्रायव्हर घामाने निथळत खिडकीतून वाकला.

"मॅडम... साहेब उतरत नायत. तुम्ही सांगा ना."

मी त्या सीटकडे पाहिलं. रेक्झिन फाटलेलं, त्यावर ऊन. भांडायचंही त्राण नव्हतं.

"राहू द्या त्यांना," मी म्हटलं. "यापुढेही एकट्या बायका बसतील गाडीत."

घरी येऊन दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

तर्क बरेच केले. दोघं नशेत असतील, माझी थट्टा करत असतील. पण थट्टेसाठी कोणी इतका घाम गाळत नाही. एका मैत्रिणीने शांती करायला सांगितली. अविवाहित बाईने कोणाची शांती करावी, हे तिलाही सुचलं नाही.

प्रवास चालूच आहे, नोकरी आहे. फक्त "आमचे हे थांबलेत" म्हणताना आता अडखळायला होतं. माणूस दुसरीकडे ड्युटीवर आहे, हे माहीत असतं ना.