तुसावरचा नाच

कामशेतच्या बाजारात मानसी ओव्हाळबद्दल विचारलं, तर दुकानदार म्हणतात, "श्रीपती गँगमनची मानसी व्हय? ती नाच बसवती." कसला नाच, असं पुढे विचारलं की मात्र हसून मान हलवतात. तिच्या नाचात ना गाणं, ना घुंगरू, ना भरजरी कपडे. माणसं वाकतात, चालतात, एकमेकांना ढकलतात, धपकन पडतात, पुन्हा उठतात. आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

मानसी पहिल्यांदा नाचली ती बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत. ढोल वाजायला लागला की तिला खांद्यावर धरून ठेवणं तिच्या बापाला, रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या श्रीपतीला, जमायचं नाही. पोरगी खाली उतरायची आणि मिरवणूक पुन्हा विहारापाशी येईपर्यंत थांबायची नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर तिचं नाव ठरलेलंच. पण कॉलेजला पुण्यात गेल्यावर तिनं एक प्रयोग पाहिला. त्यात एक बाई रंगमंचावर नुसती पडत होती आणि उठत होती, दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं. घरी येताना लोणावळा लोकलमध्ये बसायला जागा होती, तरी मानसी दारापाशी उभी राहिली. तिचे पाय स्वस्थ राहीनात. कामशेत येईस्तोवर तिचं ठरलं होतं.

"नाच शिकाया बंगळूरला? हितं काय माणसं नाचत न्हाईत?" श्रीपती म्हणाला.

"नाचतात की. मला दुसऱ्यांना नाचवायचंय," मानसी म्हणाली.

श्रीपतीला ते उमगलं नाही. पण हिरानं, म्हणजे मानसीच्या आईनं, एवढंच म्हटलं, "जाऊ द्या तिला. हितं ऱ्हायली तरी घरात ठरायची न्हाई."

बंगळूरला गुरूंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना विचारलं, कुणीही न शिकवता तुमच्या अंगाला येणारी एखादी हालचाल दाखवा. कुणी पतंग उडवला, कुणी कणीक मळली. मानसी कमरेत वाकली आणि मागं मागं सरकू लागली. सुट्टीत ती आईबरोबर लोकांच्या खाचरात भातलावणीला जायची, तीच ती चाल. डावा हात रोपांच्या मुठीवर, उजवा चिखलात, आणि पाय मागं. त्या एका चालीतून तिचा पहिला नाच उभा राहिला. नाव ठेवलं 'पाठमोरी'.

शिकून परत आल्यावर तिनं विहाराच्या मागच्या खोलीत चार पोरं जमवली. त्यांतले सृष्टी, सत्यम आणि समर्थ आजही तिच्याबरोबर आहेत. 'पाठमोरी' आधी इंदुरीच्या जत्रेत करायचं ठरलं. निवेदकाला मानसीनं सांगितलं, हा नाच भाताच्या लावणीवर आहे. त्यानं त्यातला सोयीचा शब्द तेवढा उचलला आणि कर्ण्यावरून गर्जना केली, "आता सादर होत आहे, लावणी."

मग काय विचारता. पाळण्यापाशी उभी असलेली सगळी गर्दी मांडवात शिरली. शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्याआड सृष्टीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, हे आपल्याला चपला मारतील," ती म्हणाली. मानसीला मात्र भीतीपेक्षा चेवच जास्त आला होता. तिनं सृष्टीचा हात धरला आणि दोघी पाठमोऱ्याच रंगमंचावर गेल्या.

पहिल्यांदा हशा झाला. मग कुजबुज. मग हळूहळू मांडव गप्प होत गेला. नाचणारे वाकलेलेच होते, सरळ होतच नव्हते, आणि त्यांचा वेग वाढत चालला होता. शेवटी सगळे एकदम ताठ उभे राहिले, तेव्हा मांडवातल्या बायकांनीही नकळत आपापल्या कमरेवर हात ठेवले होते. झुंबरबाई नावाची एक म्हातारी पुढं आली आणि मानसीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "बया, बसल्या जागी माजी कंबर भरून आली की." त्यानंतर मानसीला वर्तमानपत्रांतून चांगले अभिप्राय मिळाले, पण झुंबरबाईंचा अभिप्राय ती अजून सर्वांत वर ठेवते.

दुसरा नाच आईच्या कामावरचा. हिरा लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात कामाला. पाक ओट्यावर ओतला की तो गरम आहे तोवर लाटायचा, गरम आहे तोवर कापायचा. थंड झाला की संपलं. म्हणून नाचाचं नाव 'गरम आहे तोवर'. त्यात नाचणारे सुरुवातीला पाण्यासारखे वाहतात आणि हळूहळू आखडत जातात, शेवटी एकेकाला तोडून वेगळं करावं लागतं. हिरानं तो मोबाइलवर पाहिला आणि कारखान्यातल्या सगळ्या बायकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अर्धा कारखाना आखडून उभा होता आणि बाकीच्या हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या.

तिसरा 'धक्का'. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात. लोणावळ्याला चढ संपला की ती सोडवतात. लहानपणी श्रीपती तिला फलाटाच्या टोकाला ते बघायला न्यायचा. या नाचात समर्थ पुढं असतो आणि बाकीचे रेकॉर्ड केलेल्या ढोलकाच्या तालावर त्याला पाठीनं, डोक्यानं, खांद्यानं वर वर ढकलत नेतात.

हे तिन्ही नाच पुण्यात झाले, गोव्यात झाले, पार कोचीपर्यंत गेले. पण एका संध्याकाळी सलग आणि तेही आपल्या मावळात, असं कधी झालं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते ठरलं. लोणावळ्यात एक हॉल घेतला. दिल्लीच्या एका नृत्यमहोत्सवाच्या आयोजक बाई मुद्दाम येणार होत्या. आणि त्याच दिवशी दुपारी हॉलवरून फोन आला, की ट्रान्सफॉर्मर जळालाय, आज काही वीज येत नाही.

मग तिनं फोन लावला तो कामशेतच्या कैलासभाऊंना. त्यांची भाताची गिरणी.

"भाऊ, आज गिरणी चालू आहे का?"

"आज बंद हाये. का गं?"

"मला द्या संध्याकाळपुरती. नाचायला."

"ये की. पर खाली लय तूस हाये बघ."

टेम्पोत सामान टाकून मंडळी कामशेतला पोहोचली. गिरणी म्हणजे उंच पत्र्याची शेड, एका बाजूला पोत्यांची थप्पी, मध्ये यंत्र आणि सगळीकडं भाताचं तूस, दाण्यावरून निघालेली टरफलं. कैलासभाऊंनी स्वतः झाडू घेतला. पोतीच बसायला मांडली. ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. फरशी झाडून झाली आणि सत्यमनं पहिली धाव घेतली. तुसाचा आणि कोंड्याचा बारीक थर फरशीवर राहिला होताच. सत्यम घसरला, आडवा झाला आणि एक हात वर धरून तसाच सरकत सरकत पार भिंतीपर्यंत गेला.

सगळे धावले. "लागलं का रे?" सृष्टीनं विचारलं.

मानसी मात्र जागची हलली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. लागलेलं नाही असं सत्यमनं सांगितल्यावर ती म्हणाली, "तसंच परत कर."

"काय, पडू?"

"पडू नकोस. घसर. आणि हात तसाच वर ठेव. भाऊ, झाडू थांबवा. ते तूस परत पसरा."

कैलासभाऊ झाडू धरून बघतच राहिले. पुढच्या तासादोन तासांत मानसीनं तिन्ही नाच उलगडले आणि नव्यानं बांधले. जिथं पाऊल होतं तिथं घसरण आली. 'पाठमोरी' आता जणू खरंच निसरड्या खाचरात होत होतं. 'गरम आहे तोवर' मध्ये माणसं पाकासारखी फरशीवर पसरत होती. घामानं तूस अंगाला चिकटत होतं, खाजवायला फुरसत नव्हती. समर्थ म्हणाला, "ताई, एवढं सगळं बदललं तर आम्ही विसरू." मानसी म्हणाली, "विसरलात तर घसरा. कुणाला कळणार नाही." ती खरं तर हसत होती. आयुष्यात इतकं जोरात तिचं डोकं कधी चाललं नव्हतं.

लोक आले. दिल्लीच्या बाई आल्या आणि पोत्यावर बसल्या. हिरा कारखान्यातल्या मैत्रिणी घेऊन आली. श्रीपती त्याच्या जुन्या गँगमधल्या सोबत्यांना, हनुमंत आणि भिमाजींना, घेऊन मागं बसला. पहिले दोन नाच असे झाले, की टाळ्या वाजवायचंही लोक विसरले आणि मग एकदम शेड दणाणली.

'धक्का'च्या आधी मानसी कैलासभाऊंकडे गेली. "भाऊ, गिरणी चालू करा."

"रिकामी चालवली तर रोलर झिजंल."

"मग भात टाका. आणि बाहेर जाणारा तुसाचा झोत आत सोडा."

गिरणी घरघरली, पट्टा फिरला, आणि तूस वरून सोन्याच्या भुग्यासारखं झरू लागलं. खालून समर्थला ढकलत बाकीचे निघाले. पण मानसीनं एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. यंत्राच्या आवाजात ढोलकाचं रेकॉर्डिंग बुडून गेलं. ताल कुणाला ऐकू येईना. सत्यम आधी ढकलू लागला, सृष्टी नंतर. समर्थचा तोल सुटू लागला. मानसी कडेला उभी राहून हात उंचावत होती, पण तुसाच्या धुळीत तिच्याकडं बघणार कोण?

तेवढ्यात मागून आवाज आला. "हैऽऽ श्शा."

श्रीपती पोत्यावर उभा होता. उभा जन्म रुळावर घातलेल्या माणसाचा तो आवाज. पहारी रुळाखाली घालून सगळ्यांनी एकदम जोर लावायचा, तेव्हाचा. "हैऽऽ श्शा." दुसऱ्या वेळी हनुमंत आणि भिमाजीही त्याच्याबरोबर होते. गिरणीच्या घरघरीवरून तो आवाज आरपार गेला. सत्यमचा खांदा आणि सृष्टीची पाठ एकाच वेळी भिडली. समर्थ वर उचलला गेला. तिसऱ्या हाकेला चिक्कीच्या बायकाही मिसळल्या, मग सगळी शेड. प्रत्येक 'श्शा'ला नाचणाऱ्यांचा गोळा एकेक पाऊल पुढं सरकत होता, आणि मानसी कडेला उभी राहून रडत होती की ओरडत होती, ते तिलाही कळत नव्हतं.

गिरणी थांबल्यावर सगळे खोकत होते, हसत होते, एकमेकांच्या डोक्यावरचं तूस झाडत होते. दिल्लीच्या बाई मानसीला म्हणाल्या, "हे आम्हाला हवंय. पण गिरणी कशी नेणार?"

"गिरणी राहू द्या. तूस नेऊ," मानसी म्हणाली.

मग ती बापाकडं वळली. श्रीपती पोत्यावरून उतरून गुडघे चोळत होता. "बाबा, तुम्हीपण यायचं दिल्लीला."

"मी कशाला?"

"ताल कोण देणार मग?"

श्रीपतीनं हनुमंतकडं पाहिलं, हनुमंतनं भिमाजीकडं. "आमी तिघं संगट येऊ," श्रीपती म्हणाला. "येकट्याचा आवाज पुरत न्हाई."

हल्ली मानसीचा चौथा नाच बसतोय आणि त्यात हे तिघं नुसते हाका देत नाहीत, नाचतातही. दर रविवारी सकाळी विहारामागच्या खोलीत तालीम असते. भिमाजींचा डावा-उजवा चुकतो आणि हनुमंतला मध्येच चहा लागतो. श्रीपती मात्र सगळ्यांच्या आधी येतो, दार उघडतो, सतरंज्या गुंडाळून ठेवतो, आणि मानसी पोहोचते तेव्हा त्याची एखादी नवीन चाल तयार असते.

"हे बघ जरा," तो म्हणतो, "हे घेता येईल का कुटं?"