तिसऱ्या हाकेला

मुलांनो, तुमची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे, ती मला ठाऊक आहे. आजी फोन लगेच उचलत नाही. घंटा वाजतच राहते आणि मग कुठे आजी "हॅलो" म्हणते. मागच्या रविवारी धाकटीने सांगितलं की तिच्या विद्यापीठात ऐकण्याबद्दल काही प्रयोग चाललेत आणि तिने आपणहून नाव दिलं. बंद खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. मला ऐकून इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. पण ती पुढे म्हणाली, "आजी, आम्ही सगळ्यांनी मिळून तुला कानाचं यंत्र पाठवायचं ठरवलंय."

यंत्र पाठवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको. मीही अशा प्रयोगाला बसलेली आहे, आणि माझं फोन लगेच न उचलणं तिथूनच सुरू होतं. सातासमुद्रापलीकडच्या फोनवर एवढं सांगायला गेले तर तुमचे पैसे आणि माझा दम दोन्ही संपतील, म्हणून लिहिते.

माझे वडील लोणावळा स्टेशनात तारमास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तारेचं यंत्र टकटक करायचं आणि त्या टकटकीतून अण्णा सरळ इंग्रजी शब्द लिहून काढायचे. त्यामुळे माणसाची किंमत त्याच्या कानावरून करायची त्यांना सवय लागली होती. "डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, म्हणून कान जास्त प्रामाणिक," असं ते म्हणायचे. आणि माझा उजवा कान लहानपणी फुटला होता. गोवरानंतर दोन पावसाळे तो वाहत होता. पुढे बरा झाला, पण घरात ते कोणी विसरलं नाही. मी हाकेला ओ दिली नाही की माझी आजी म्हणायची, "मी तुझ्या उजव्या अंगाला आहे ना, तुला नाही ऐकू यायचं."

मी घरीच अभ्यास करून मॅट्रिक झाले. इंग्रजी अण्णांनी शिकवलं, आणि शेजारच्या गार्डसाहेबांच्या मडमेशी रोज गप्पा मारून ते तोंडी बसलं. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. त्याखेरीज दुसरं काही मला सुचतच नव्हतं. अण्णांचा शिकण्याला विरोध नव्हता, पण कानावर विश्वास नव्हता. "शंभर मुलांच्या वर्गात तुला मागे बसवतील. प्रोफेसर पुटपुटत बोलतात. निम्मं ऐकशील, निम्मं मनाने जुळवशील आणि नापास होऊन परत येशील. मग लोक म्हणतील, बघा, मुलींना शिकवून काय होतं." कान दाखवता थोडाच येतो?

अशातच दिवाळीनंतर मुंबईहून एक इंग्रज डॉक्टरीणबाई आल्या. घाटात विजेची इंजिनं येऊन काही वर्षं झाली होती. त्याआधी ज्यांनी वाफेच्या इंजिनांवर उमेदीची वर्षं काढली, त्यांचे कान किती राहिलेत ते बाईंना बघायचं होतं. पण तुलनेला, ज्यांच्या कानावर आयुष्यात इंजिन गेलं नाही, अशी माणसंही हवी होती. त्यातल्या बायकांशी बोलायला इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. गार्डसाहेबांच्या मडमेने माझं नाव सांगितलं. मी गेले आणि पहिल्याच भेटीत म्हणाले, "मी दुभाष्याचं काम करीन, पण माझाही कान तपासा." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "स्वयंसेवक मिळवायला मी दारोदार फिरतेय आणि तू मागतेस?"

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते तांब्यातलं पाणी पीत होते, ते थांबले. म्हणाले, "ठीक आहे. यंत्राने पास केलं तर कॉलेज. नापास केलं तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. कबूल?" मी कबूल म्हणून बसले.

एका मुंबईकराचा उन्हाळ्यापुरता उघडणारा बंगला बाईंनी घेतला होता. मधल्या खोलीच्या खिडक्यांवर आणि दारांवर गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. तरी पुण्याकडची गाडी आली की खोलीभर घरघर व्हायची आणि बाई बोट वर करून सगळं थांबवायच्या. टेबलावर शिवणयंत्राच्या झाकणाएवढी काळी पेटी होती. तिला एक फिरवायची चकती, एक बटण, आणि वायरीच्या टोकाला कानाशी धरायची वाटी, टेलिफोनची असते तशी. बटण दाबलं की वाटीत बारीक आवाज यायचा. ऐकू आला की हात वर करायचा. हात वर झाला नाही तर बाई चकती किंचित फिरवून आवाज मोठा करायच्या आणि पुन्हा बटण दाबायच्या. हात वर होईपर्यंत असं चालायचं.

पहिल्या दिवशी मीच बसले. छाती इतकी धडधडत होती की तीच ऐकू येत होती. आधी डावा कान, मग उजवा. झाल्यावर बाईंनी आकडे बघितले आणि सावकाश म्हणाल्या, "डावाही मला वाटला होता तितका चांगला नाही."

डावाही! ज्याची मला खात्री होती तो! घरी अण्णांनी विचारलं तेव्हा "अजून काम चालू आहे" म्हणाले. ते खरंच होतं.

आमच्याकडे दूध घालायला एक मावशी यायच्या. त्यांचं माहेर पवनेच्या खोऱ्यात, तिकोना गडाच्या अंगाला एका वाडीत होतं. इंजिन न ऐकलेली माणसं हवीत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माज्या म्हायेरी रेलवाईची शिट्टी बी पोचत न्हाई. आनते की धा बाया." बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून त्या खरंच बायका घेऊन आल्या, वयाने लहान-मोठ्या, सगळ्या नटूनथटून. खिडकीवरच्या गोधड्या बघून एक म्हणाली, "आगं बया, मडमीनं दिसाउजेडीच हातरुन घातलंय!"

पेटी बघून मात्र त्या मागे सरकल्या. वाटी कानाला लावायला कोणी पुढे येईना. त्यांची भीती जावी म्हणून मी बाईंचं इंग्रजी घरगुती करून सांगितलं, "घाबरू नका. ह्या वाटीतून तुम्हाला हाक येईल. बारीक असेल. हाक आली की हात वर करायचा, बस."

"हाक कोन मारनार? ह्यात कोन बसलंय?" दूधवाल्या मावशींनी विचारलं.

"मडमीचा नवरा!" मागून कोणीतरी म्हणालं.

मावशींनी वाटी कानाला लावली, थोडा वेळ ऐकलं आणि मान डोलावली. "त्योच आसंल. बायकूम्होरं लयच बारीक बोलतोय."

सगळ्या हसल्या आणि काम सुरू झालं. एकेक बाई बसली आणि एकेक आकडा मांडला गेला. दुपारपर्यंत बाईंचा चेहरा उतरला. इंजिनवाल्यांशी तुलना करायला म्हणून आणलेल्या या बायका, ज्यांना वाऱ्यावरून डोंगरापलीकडची म्हैस कळते असं मावशी सांगत होत्या, त्यांचे कान पेटीच्या मते काही खास नव्हते. बाईंनी तारा तपासल्या, चकती तपासली, वाटी स्वतःच्या कानाला लावली. मग मला कागदावर बोट ठेवून दाखवलं. "बघ. प्रत्येक बाई, कुठलाही सूर असो, पहिल्या दोन आवाजांना गप्प. तिसऱ्याला हात वर. कान असे ठरवून वागत नाहीत."

मी ओसरीवर आले. बायका भाकरीची गाठोडी सोडून बसल्या होत्या. मी मावशींच्या शेजारी टेकले आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला पहिला आवाज आलाच नाही का?"

"आला की. पयल्याच बारीला आला."

"मग हात का नाही केला?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चूल कशाला पेटवतात असं विचारलं होतं. "आगं, हाक म्हनलीस न्हवं तू? हाक मारनारं मानूस डोळ्यांनी दिसंना. कोन हाय, कसं हाय ठावं न्हाई. आन पयल्या हाकेला ओ द्येयाची व्हय? डोंगरात ऱ्हायाचं हाय आमास्नी."

दुसरी म्हणाली, "त्ये दोनदाच हाक मारतंय. तिसरी मारत न्हाई. तिसरी आली म्हंजी मानूस."

"मडमीचा नवरा मानूसच निगाला म्हना," मावशी म्हणाल्या, "तिसऱ्यांदा बी बोलला बिचारा."

मी तिथेच टाळी वाजवली! धावत आत गेले, पायातली चप्पलही ओसरीवरच राहिली. बाईंना सांगताना माझं इंग्रजी इतकं घाईचं झालं की त्यांनी मला दोनदा थांबवलं. हाक म्हणजे काय, ओ देणं म्हणजे काय, भूत दोनदाच हाक मारतं म्हणून न दिसणाऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ का द्यायची नसते. बाई आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "म्हणजे या ऐकत होत्या, आणि पाहुणा ओळखीचा होण्याची वाट बघत होत्या."

बिघाड पेटीत नव्हता, माझ्या एका शब्दात होता. तो बदलायला मला फार वेळ लागला नाही. मी बायकांना पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, "हाक विसरा. ह्या पेटीत चिमणी आहे. ती बोलली रे बोलली की हात वर."

"आता कसं!" मावशी म्हणाल्या. "चिमनीला कोन भ्येतंय."

आणि मग काय हात वर होऊ लागले! बाई बटण दाबतात न दाबतात तोच हात. चकती अगदी खालच्या टोकाला नेली तरी हात. एका म्हाताऱ्या आजींनी तर बाईंचं बोट हललेलं पाहून आवाजाआधीच हात केला, तेव्हा त्यांना पाठमोरं बसवावं लागलं. इतके चांगले कान आपण मुंबईत पाहिले नाहीत असं बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

शेवटची बाई उठली, तेव्हा मी त्या स्टुलाकडे बघत उभी राहिले. आमच्या घरीसुद्धा हेच होतं. मी स्टेशनाच्या चाळीत वाढले, इंग्रजी बोलत होते, पण दिवेलागणीला अंगणातून कोणी हाक मारली की माझी आजी माझ्या तोंडावर हात ठेवायची. "थांब. अजून दोनदा मारू दे." ते शिकवणं माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की पहिल्या दिवशी वाटीत तो बारीक, कुणाचाच नसलेला आवाज आला तेव्हा मी ऐकला आणि वाट बघितली. मला वाटलं होतं, मी खात्री करून घेतेय.

"बाई," मी म्हणाले, "माझी परीक्षा पुन्हा घ्या. मीही त्यांच्यातलीच आहे."

या वेळी मी डोळे मिटले आणि चिमणीची वाट बघितली. डावा कान उत्तम निघाला. उजवा थोडा अधू होता, पण वर्गात बसायला पुरेसा. बाईंनी तसं लिहून दिलं आणि खाली ओळ जोडली की हिने वर्गात उजवीकडच्या भिंतीशी बसावं, म्हणजे चांगला कान प्रोफेसरांकडे राहील.

ते घेऊन मी संध्याकाळी घरी आले. अण्णांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "आधी नापास आणि मग पास? असं कसलं यंत्र?" मी सगळी हकिकत सांगितली. माझी आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग बरोबरच केलं त्या बायांनी." अण्णांनी पानाचा डबा ओढला आणि अडकित्ता हातात घेतला.

"डाव्या कानात कापूस घाल," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे पाठ करून दाराशी उभी राहा."

तारेची अक्षरं मला येत होती. लहानपणी अण्णांनी खेळ म्हणून शिकवली होती. मी कापूस घातला, उंबऱ्याशी उभी राहिले, समोर अंगणात तुळशीपाशी दिवा होता. मागे अडकित्त्याची पाती मिटू-उघडू लागली. टक, टकाटक. उजव्या, फुटलेल्या कानाने मी ऐकत होते. पहिलं अक्षर पी. दुसरं ओ, तिसरंही ओ. चौथं अक्षर पुरं व्हायच्या आतच मी वळून ओरडले, "पुणे!"

"इंग्रजी पूनाचं शेवटचं अक्षर राहिलंय," अण्णा म्हणाले. पण ते हसत होते, आणि ते शेवटचं अक्षर त्यांनी वाजवलंच नाही. सुपारी कातरली.

जूनमध्ये मी कॉलेजात गेले आणि चार वर्षं उजव्या भिंतीशी बसले. त्या चार वर्षांमुळे मी शिक्षिका झाले, आणि त्यामुळेच तुमच्या आईला मी इंग्रजी शिकवू शकले, आणि तुम्ही आज जिथे आहात तिथे आहात.

बंगल्याच्या जागी आता हॉटेल आहे. पेटीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. अण्णांचा अडकित्ता माझ्याकडे आहे आणि रोज वापरात आहे. उजवा कान आता गेल्यात जमा आहे. डावा शाबूत आहे. फोनची घंटा मला पहिलीच ऐकू येते, आणि मी तिसरीला उचलते.