ताणाच्या दिवसांतले विमान

खुशालरावांना विमान चालवायचे होते आणि पार्वताबाईंना खुशालराव जमिनीवर हवे होते. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत न मिटलेला असा हा एकच मतभेद उरला होता. बाकीचे सारे पार्वताबाईंच्या बाजूने केव्हाच मिटले होते.

हा नाद लागला अकोल्याला. कापूस विकून झाल्यावर खुशालराव धावपट्टीकडे सहज फिरत गेले, तर तिथे एक लहानसे विमान माणसांना शहरावरून चक्कर मारून आणत होते. ते रांगेत उभे राहिले आणि त्यांची पाळी येण्याच्या सुमारास विमान बिघडले. येथवर काहीच हानी झाली नव्हती. पण मोर्शीला परतल्यावर ही हकीकत त्यांनी घरी फार रंगवून सांगितली. पार्वताबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग त्यांचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

"म्हना, माह्या जिवात जीव हाय तोवर तुमचा पाय जमीन सोडनार नाही."

खुशालरावांनी म्हटले. त्यानंतरच पाने वाढली गेली.

अमरावतीचे बापूसाहेब वकील हे त्यांचे शाळासोबती. संत्र्याची पेटी पोचवायला खुशालराव त्यांच्याकडे गेले, तेव्हा शपथेची गोष्ट निघाली. बापूसाहेबांनी चष्मा पुसला आणि सांगितले की लढाईच्या काळात वैमानिकांना आधी जमिनीवरच शिकवीत. त्यासाठी एक यंत्र असे. विमानासारखेच बसायचे, दांडा धरायचा. खालचे भाते फुगत-मिटत आणि यंत्र कलत असे, फिरत असे, मात्र उडत नसे. अकोल्यात लष्करी मोडीचा व्यापार करणाऱ्या सूर्यभानजींकडे असली दोन यंत्रे पडून होती.

"आणि शपथेचे शब्द पाहिले तर पाय जमीन सोडणार नाहीत असे आहे," बापूसाहेब म्हणाले. "यंत्र जमिनीला खिळलेले, पाय यंत्रात. जमीन सुटली कुठे?"

"घरी येऊन सांगता का हे?"

"ते माझ्या वकिलीत बसत नाही."

आणखी एक सल्ला बापूसाहेबांनी दिला: सुटे भाग आणून ओळखीच्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावे, स्वस्तात पडेल. खुशालरावांनी हात जोडले. "नाही बापूसाहेब, तयारच पायजे. फवारनीचा पंप असाच जुळवाले टाकला व्हता. तो अजून जुळूनच राहिला."

दोघे अकोल्याला गेले. सूर्यभानजींच्या आवारात, गंजक्या पिंपांच्या पलीकडे, दोन्ही यंत्रे शेजारी उभी होती. पहिले भारदस्त. वरून झाकण ओढून घ्यायचे, आत काट्यांच्या तबकड्यांची रांग, आणि बाजूला एक मेज; त्यावरच्या कागदावर किड्यासारखे दिसणारे तीन चाकांचे एक छोटे यंत्र विमानाची वाट शाईने काढीत जाई. दुसरे उघडे, निळ्या रंगाचे; आखूड पिवळे पंख आणि तबकड्या मोजक्याच.

"पहिलेच घ्या," बापूसाहेब म्हणाले. "तबकड्या पाहा किती आहेत. शिवाय लेखी पुरावा राहतो."

खुशालराव पहिल्यात बसले. सूर्यभानजींनी झाकण ओढले. थोड्या वेळाने आतून ठोठावल्याचा आवाज आला.

बाहेर येत ते म्हणाले, "अंधारात बसाचं तं माह्या घरी कोठी हाय. मले आभाळ दिसलं पायजे."

मग त्यांनी निळे यंत्र पाहायला घेतले, आणि ते जसे बैल पाहत तसेच पाहिले. आधी लांबून एक प्रदक्षिणा. मग पाठीवरून हात. शेपटी उचलून सोडली, सांधे दाबले, खाली बसून भात्याच्या कातड्याला नख लावले. सूर्यभानजी अदबीने म्हणाले, "दात दाखवू काय, पाटील?"

"दात राहू द्या. जुंपा."

यंत्र सुरू झाले. भात्यांनी श्वास घेतला, खुशालरावांची टोपी एका अंगाला गेली आणि निळे विमान डौलाने वळू लागले. वळता वळता त्याने नाक खाली घातले आणि मग ते थांबेचना. गरगर फिरतच राहिले. सूर्यभानजींनी बंद केल्यावर खुशालराव उतरले आणि बापूसाहेबांचा खांदा धरून बराच वेळ पिंपांकडे पाहत राहिले. पिंपे स्थिर झाल्यावर म्हणाले, "हेच."

"अहो, त्याने तुम्हाला पाडले!"

"तेज हाय. पन लबाड नाही."

त्यानंतर बापूसाहेबांनी सूर्यभानजींची उलटतपासणी घेतली. कातडे कधीचे, पूर्वीचा मालक कोण, पंख निखळल्यास जबाबदारी कोणाची. खुशालरावांनी वंगण विचारले, वजन विचारले, उन्हात ठेवले तर रंग उडेल का तेही विचारले. दोन जाणत्या माणसांनी विचारायचे काही शिल्लक ठेवले नाही. यंत्राच्या शेपटीतून निघून आवारभर लोळत दुकानाच्या भिंतीत शिरलेली काळी वायर दोघांनीही ओलांडली. बापूसाहेबांनी तर धोतर सावरून ओलांडली. ती सूर्यभानजींनी नीट गुंडाळून आसनावर ठेवून दिली.

यंत्र घेऊन निघालेला ट्रक अमरावतीच्या जकात नाक्यावर अडला. हे वाहन, खेळणे की शेतीचे अवजार, हा प्रश्न कारकुनाला सुटेना. बापूसाहेबांनी शेतीचे अवजार हा पक्ष मांडला आणि जिंकला. पुढे मोर्शीच्या रस्त्यावर लोक विचारीत राहिले की जत्रा कोणत्या गावची आहे.

बागेतल्या विहिरीजवळ चौथरा बांधून यंत्र बोल्टांनी पक्के केले. पार्वताबाई आल्या. त्यांनी प्रत्येक बोल्ट हलवून पाहिला, यंत्राखाली हात घालून पलीकडे काढला आणि निकाल दिला, "पाळना हाय हा. बसा."

खुशालराव बसले. टोपी घट्ट केली, दांडा धरला. काहीच झाले नाही.

पार्वताबाईंनी वायरीचे टोक उचलले. "आन् हे शेपूट कोठं लावाचं?"

अकोल्यात न विचारला गेलेला प्रश्न तो हाच. बागेतून नजर पोचेल तिथवर विजेचा एकही खांब नव्हता. खुशालरावांनी वायरीकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले आणि मग, इलाज नसल्यामुळे, पार्वताबाईंकडे पाहिले. त्या पदराआड हसत होत्या.

मोर्शीच्या देवराव मिस्त्रींनी यंत्रातली मोटार काढून तिथे एक चाक बसविले आणि विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाचा पट्टा त्याच्यावर चढविला. भाते हलले, विमान वळले. अडचण एवढीच होती की इंजिन एक आणि पट्टाही एकच. तो पंपावर असला तर पाणी, विमानावर असला तर विमान.

पण हिवाळा होता, आणि संत्र्याला ताण दिलेला होता. आंबिया बहर धरायचा तर थंडीत झाडांचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, थोडी गळतात, आणि नेमक्या वेळी पुन्हा पाणी दिले की झाड फुलांनी भरते. ती नेमकी वेळ ओळखण्यात खुशालरावांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. लांबलांबचे बागाईतदार त्यांना झाड दाखवायला नेत. तेव्हा ताणाच्या त्या दिवसांत इंजिन रिकामेच होते, आणि खुशालराव रोज उडू लागले.

रोज पडूही लागले. वळण अर्ध्यावर येई, नाक खाली जाई, ते घाबरून दांडा बैलाच्या कासऱ्यासारखा खेचीत, आणि गरगर सुरू होई. पार्वताबाई भाकरी घेऊन येत आणि विचारीत, "आज कितीदा मेले?"

शेजारच्या किसनरावांनी पाणी सोडले. त्यांनी बांधावरून हाक दिली, "खुशालराव, तुमचं कदी?"

"ताण बसला नाही अजून."

त्यांच्या तोंडचे हे वाक्य किसनरावांनी प्रमाण मानले आणि आपलेच पाणी लवकर सुटले की काय या चिंतेत पडले. खुशालरावांना मात्र ठाऊक होते. ताण बसून गेला होता. दुपारी मिटलेली पाने आता संध्याकाळीही उघडत नव्हती, आणि हे त्यांना विमानातून, प्रत्येक फेरीत, सगळ्या बाजूंनी दिसत होते. उद्या पट्टा बदलू असे ते रोज म्हणत, आणि उद्या आला की आणखी एकदा बसून पाहत.

शेवटी एके सकाळी पार्वताबाईंनी ओंजळभर पाने आणून पिवळ्या पंखावर ठेवली.

"कोनाची हाय हे?"

"आपली."

"मले वाटलं किसनरावची असन. तुमच्या झाडाले तं ताण बसलाच नाही म्हनता."

खुशालराव दांड्यावरची धूळ पुसू लागले.

"काहून जीव घेऊन राहिले झाडायचा? तुमाले नेमकं काय पायजे ते तं सांगा."

हे आजवर त्यांना कोणी विचारले नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "एक फेरी. नाक न टाकता पुरी. आन् होतो तेथं सरळ येऊन थांबाचं. मंग बस."

पार्वताबाईंनी पदर खोचला आणि इंजिनाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "घ्या एक. मी पायते. पडले तरी पट्टा पंपावर, नाही पडले तरी पंपावर."

इंजिन धडधडले. खुशालरावांनी वळण घेतले. किसनरावांची हिरवी झाडे गेली, मग त्यांची स्वतःची आली, एकेक ओळ, मान टाकलेली. नाक खाली जाऊ लागले. एरवी त्यांनी दांडा खेचला असता. पण त्या पानांकडे पाहताना हातात खेचण्याचे बळच राहिले नव्हते. दांडा नुसताच धरला गेला. नाक तिथेच थबकले, मग सावकाश वर आले. विहीर गेली, रस्ता गेला, इंजिनाजवळ उभ्या पार्वताबाई आल्या, आणि विमान सरळ थांबले.

"झालं?"

"झालं." खुशालरावांनी टोपी काढली.

"होते तेथंच तं आले."

"तेच तं अवघड असते, वो!"

"अवघड कायचं? दिवसभर फिरून होते तेथंच याचं, हे तं मी रोज करते."

खुशालराव उतरले. पट्टा त्यांनी स्वतःच काढला, स्वतःच पंपावर चढविला आणि फावडे घेऊन पहिल्या ओळीच्या आळ्यांकडे गेले. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला दिवस मावळला. तोवर त्यांनी विमानाकडे एकदाही वळून पाहिले नाही. निदान पार्वताबाई जितका वेळ पाहत होत्या, तितका वेळ तरी नाहीच.